कटर मागितला, तर म्हणे बांधकाम सुचवा

प्रस्ताव परत आला. पुन्हा! शेरा काय, तर 'मागणी योजनेच्या निकषात बसत नाही.' वादळाच्या आधीची तयारी म्हणून वाडीसाठी आम्ही मागितलं तरी काय होतं? झाडं कापायचे दोन पेट्रोल कटर, एक जनरेटर, दोरखंड आणि चार मोठ्या बॅटऱ्या. पंचायतीच्या ठरावासकट, कोटेशनं जोडून. यातलं नेमकं काय बसत नाही, विचारलं तर टेबलामागचे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो भाऊ, खरेदीचं नका आणू. एखादं बांधकाम सुचवा ना, लगेच होऊन जातं."

लगेच होतं! बांधकामात कोणाचं काय लगेच होतं, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात घुसलं आणि आमच्या मंडणगड-दापोलीलाही झोडपून गेलं. दुसऱ्या दिवशी वाडीचा रस्ता म्हणजे नुसती आडवी झाडं, त्यात खांब आणि तारा. वळणावरचा जुना फणस तर असा पडला होता की खालून माणूस वाकूनही जाईना. वाडीतली पोरं हातकरवत घेऊन भिडली. फणसाच्या चिकाने पातं जागीच धरतं. मग ते ओढून काढा, खोबरेल चोपडा, पुन्हा घाला, दोन वीत गेलं की पुन्हा अडकलं. हाताला फोड आले पोरांच्या. बाहेरची मदत रस्ता मोकळा झाल्यावरच आत आली, आणि तो मोकळा कोणी केला? आम्हीच. कटर असता तर तेच काम सकाळीच आटपलं असतं.

आणि पैसे नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा खास सौम्यीकरणासाठी, म्हणजे संकट यायच्या आधीच्या तयारीसाठी, वेगळा काढून ठेवला. देशभराचा आकडा ३२ हजार कोटींच्या वर जातो. कोकणासाठी त्यातून काय काय, तर धूप प्रतिबंधक बंधारे, भूमिगत वीजवाहिन्या, निवारा केंद्रं, आकाशातून पडणाऱ्या विजेला अटकाव करणारी यंत्रणा. करा की! तारा जमिनीखाली जायलाच हव्यात, 'निसर्ग'नंतर कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढलेत. पण एवढ्या कोटींत आमचे दोन कटर का मावत नाहीत?

'आपदा मित्र' आहे म्हणतात, गावच्या स्वयंसेवकांना संकटात मदतीचं सरकारी प्रशिक्षण. आहे, आणि चांगलंच आहे. आमच्यातला एक जण प्रशिक्षण घेऊन आला, किटही मिळालं. लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च. आता फणस काय हेल्मेटने कापायचा?

बरं, बांधकाम तर बांधकाम. म्हटलं, निवारा शेड सुचवू, त्यात सामान ठेवू. तर सातबारा आणा! कोकणातला सातबारा ज्याने बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. सामाईक जमीन, नावांची ही लांबच लांब रांग, त्यातले निम्मे वर गेलेले आणि वारस नोंदी कोणी केलेल्या नाहीत. जिवंत आहेत ते विरार-नालासोपारा-डोंबिवलीत. सगळ्यांच्या संमतीच्या सह्या हव्यात. सगळे एकत्र येतात फक्त गणपतीत, तेव्हा ऑफिसं बंद, आणि दोन चुलत भावांचं बांधावरून असं बिनसलेलं की एक सही करणार म्हटल्यावर दुसरा करणारच नाही. यातून पार पडलात तर समुद्र जवळ आहे म्हणून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, आणि त्यासाठी ज्यांनी जागा पाहायला यायचं त्यांच्याकडे म्हणे गाडी नाही.

नुकसान झाल्यावर मात्र पंचनामा कसा हातोहात! 'निसर्ग'नंतर बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर केले. ऐकायला भरघोस. आमच्याकडे बागा गुंठ्यात मोजतात हो, गुंठ्याला पडले ५०० रुपये. सुपारी आज लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

आणि कहर म्हणजे मार्च एंड. वर्षभर फायलीवर बसलेल्या त्याच ऑफिसातून संध्याकाळी फोन, "भाऊ, निधी परत जातोय, उद्या अकरापर्यंत प्रस्ताव द्या." उद्या अकरापर्यंत! मेलेल्यांच्या सह्या काय रात्रीत आणू?

आता वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाला कळवलंय. घरटी वर्गणी काढतोय, पावसाच्या आत एक तरी कटर आणायचाच. वर्गणीची पावती मिळेल. आणि उद्या वादळात मुख्य रस्त्यावर झाड पडलं की तालुक्यातून आम्हालाच फोन येणार, "तुमच्याकडे कटर आहे ना, जरा पाठवता का?" तेव्हा मी पण म्हणणार आहे, आधी लेखी प्रस्ताव द्या. तीन प्रतींत.