सिअ‍ॅटलने संघ गमावला नाही, तो नेला गेला

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, विस्ताराची चर्चा निघाली आणि नव्या संघांसाठी सिअ‍ॅटल व लास व्हेगस ही नावे पुढे आली, की एक मजकूर हमखास पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: २००८ साली सिअ‍ॅटलला आपला ‘सुपरसॉनिक्स’ हा संघ टिकवता आला नाही, कारण तिथे प्रेक्षकच येत नव्हते, शहराने बंदिस्त मैदानासाठी हात आखडता घेतला, संघ ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्याने ती ओक्लाहोमा सिटीला नेली यात गैर काही नव्हते, २०१३ साली सॅक्रामेंटोचा संघ वाचला, तो आपल्या विवेक रणदिवे यांनी सिअ‍ॅटलवाल्यांपेक्षा जास्त पैसे मोजले म्हणून, आणि आता लीग नवा संघ देणार असेल, तर तो सिअ‍ॅटलवर उपकारच समजावा. अनेक जण हे सगळे मनापासून खरे मानतात आणि पुढे पाठवतात, म्हणून प्रत्येक विधान हातात घेऊन तपासणे मला आवश्यक वाटते.

प्रेक्षकांपासून सुरुवात करू. शेवटच्या हंगामात सिअ‍ॅटलची गर्दी घटली होती, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण त्या हंगामापूर्वी काय घडले होते, हे त्या मजकुरात कुठेच येत नाही. १९६७ साली सुरू झालेल्या या संघाने १९७९ साली विजेतेपद मिळवले होते, १९७८ आणि १९९६ साली अंतिम फेरी गाठली होती, आणि अगदी २००४-०५ च्या हंगामातही ५२ सामने जिंकून गटात पहिला क्रमांक पटकावला होता. २००६ साली स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने हा संघ ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला ३५ कोटी डॉलरना विकला. पुढच्याच उन्हाळ्यात रे अ‍ॅलनला बॉस्टनकडे आणि रशार्ड लुईसला ऑर्लँडोकडे धाडण्यात आले, आणि जवळजवळ सगळा भार केव्हिन ड्युरँट या नवख्या पोरावर आला. हंगाम सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोच, २ नोव्हेंबर २००७ रोजी, बेनेट यांनी संघ ओक्लाहोमा सिटीला हलवण्याचा इरादा जाहीर केला. ज्या संघाचे दोन मोठे खेळाडू निघून गेले, ज्याने ८२ पैकी ६२ सामने हरले, आणि जो पुढच्या वर्षी इथे नसणार हे मालकानेच सांगून टाकले, त्याची तिकिटे कमी खपली म्हणून गावाला बास्केटबॉलची आवड नाही असे ठरवणे हे रोग्याला उपाशी ठेवून त्याच्या अशक्तपणाचा दोष त्याच्याच माथी मारण्यासारखे आहे.

१३ एप्रिल २००८ रोजी की अरिना या संघाच्या बंदिस्त मैदानात डॅलसविरुद्धचा शेवटचा घरचा सामना झाला. हंगाम केव्हाच हातचा गेला होता, तरी लोक आले आणि ‘आमचा संघ वाचवा’ असा घोष करत राहिले. ड्युरँटने हात वर करून त्या घोषाला आणखी चेतवले. सिअ‍ॅटलने तो सामना ९९-९५ असा जिंकला. याच शहरातला महिलांचा ‘स्टॉर्म’ हा संघही बेनेट यांच्याच खरेदीत गेला होता. तो २००८ च्या सुरुवातीला सिअ‍ॅटलमधल्याच चार महिलांनी एक कोटी डॉलरना विकत घेऊन गावात राखला, आणि त्याने त्यानंतर २०१०, २०१८ आणि २०२० अशी तीन विजेतेपदे मिळवली. बास्केटबॉलची आवड नसलेल्या शहरात हे घडत नाही.

दुसरे विधान शहराच्या कंजूषपणाचे. इथे तारखा जवळून पाहाव्या लागतात. की अरिना ही मुळात १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली वास्तू. शहराने ती सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चून जवळजवळ नव्याने बांधली आणि १९९५ साली संघाच्या हवाली केली. त्या बदल्यात संघाने २०१० पर्यंतचा भाडेकरार केला. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच शहराने पैसे घातले होते आणि ते कर्ज फिटायचे होते, अशा वेळी नव्या मालकांनी रेंटन या उपनगरात ५० कोटी डॉलरच्या नव्या मैदानाची मागणी ठेवली, ज्यातला मोठा वाटा सार्वजनिक निधीतून यायचा होता. राज्याच्या विधिमंडळाने ती मंजूर केली नाही. त्याआधी नोव्हेंबर २००६ मध्ये सिअ‍ॅटलच्या मतदारांनी जवळजवळ तीन-चतुर्थांश बहुमताने एक नियम मंजूर केला होता. व्यावसायिक संघांना पैसा देऊच नये, असे तो नियम म्हणत नाही. दिलेल्या पैशावर शहराला किमान सरकारी रोख्यांइतका परतावा मिळावा, एवढीच त्याची अट आहे. सार्वजनिक तिजोरीची याहून साधी काळजी ती काय असणार?

याच संदर्भात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती क्वचितच सांगितली जाते. शहराने भाडेकरार पाळला जावा म्हणून न्यायालयात धाव घेतली, तेव्हा बेनेट यांच्या वकिलांनी लेखी मांडणी केली की संघ गेला तरी सिअ‍ॅटलचे निव्वळ आर्थिक नुकसान काहीच होणार नाही, कारण लोक करमणुकीवरचा तो पैसा शहरातच दुसरीकडे खर्च करतील. मैदानासाठी कर मागताना संघामुळे गावाची भरभराट होते असे सांगायचे, आणि करार मोडताना त्यामुळे काहीच फरक पडत नाही असे सांगायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. माझ्या मते न्यायालयात मांडलेलीच बाजू सत्याच्या जवळची होती. संघाची किंमत आर्थिक हिशेबात फारशी नसते. ती माणसांच्या आठवणीत असते, आणि म्हणूनच त्यासाठी कर्जबाजारी व्हायला नकार देणाऱ्या शहराला कमी प्रेम करणारे शहर म्हणता येत नाही.

तिसरे विधान सगळ्यांत जास्त पटते आणि सगळ्यांत जास्त चुकीचे आहे: मालमत्ता मालकाची, तो हवी तिथे नेईल. एनबीएचा संघ विकत घेणे म्हणजे दुकान विकत घेणे नव्हे. मालकाला मिळतो तो लीगमध्ये ठरावीक प्रदेशात संघ चालवण्याचा परवाना, आणि स्थलांतराला इतर मालकांची मान्यता लागते. शिवाय विक्रीच्या वेळी बेनेट यांच्या गटाने सिअ‍ॅटलमध्येच नवे मैदान मिळवण्यासाठी एक वर्ष प्रामाणिक प्रयत्न करण्याची हमी दिली होती. त्या वर्षाच्या मध्यावर, एप्रिल २००७ मध्ये, एका भागीदाराने बेनेट यांना ई-मेलने विचारले, की पुढच्या हंगामात संघ ओक्लाहोमा सिटीला आणण्याचा काही मार्ग आहे का. त्यावर बेनेट यांचे उत्तर होते की आपण झपाटलेलो आहोत आणि शक्य ते सर्व करू. झपाटलेपण सिअ‍ॅटलमधल्या मैदानासाठी होते, असा खुलासा त्यांनी नंतर केला. पण ऑगस्ट २००७ मध्ये दुसरे भागीदार ऑब्री मॅक्लेंडन यांनी ओक्लाहोमातल्या एका वर्तमानपत्राला उघड सांगितले, की आम्ही संघ सिअ‍ॅटलमध्ये ठेवण्यासाठी घेतला नव्हता, तो इकडे यावा अशी आशा होती. एनबीएने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला, आणि १८ एप्रिल २००८ रोजी त्याच एनबीएच्या मालकांनी २८ विरुद्ध २ अशा मतांनी स्थलांतराला मंजुरी दिली. विरोधात गेले ते डॅलसचे मार्क क्यूबन आणि पोर्टलंडचे पॉल अ‍ॅलन. उरलेली अट भाडेकराराची. तिचा निकाल न्यायाधीशांनी द्यायच्या आतच, २ जुलै रोजी, शहराने साडेचार कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. शहराच्या तत्कालीन कारभाऱ्यांची ही तडजोड मला आजही घाईची वाटते. करार हातात असताना तो दोन वर्षे राबवता आला असता. त्यांचा दोष तेवढा खरा.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. विवेक रणदिवे मुंबईत जन्मले आणि वाढले, अमेरिकेत त्यांनी सॉफ्टवेअर कंपनी उभी केली, आणि २०१३ साली ते एनबीए संघाचे बहुसंख्य हिस्सा असलेले पहिले भारतीय वंशाचे मालक झाले. २०१९ च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये खेळले, भारतातले ते पहिले एनबीए सामने होते, आणि पहिल्या सामन्याला शाळकरी मुलांनी प्रेक्षागार भरून टाकले होते. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यांनी जास्त पैसे मोजले म्हणून किंग्ज वाचले, हे नेमके उलटे आहे. किंग्जना सिअ‍ॅटलला नेऊ पाहणाऱ्या ख्रिस हॅन्सन आणि स्टीव्ह बामर यांच्या गटाची बोली शेवटी ६२.५ कोटी डॉलरच्या मूल्यापर्यंत गेली होती. रणदिवे यांच्या गटाला संघ मिळाला तो साडेत्रेपन्न कोटींच्या आसपास. कमी बोली जिंकली, कारण मे २०१३ मध्ये मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले, आणि त्यांनी ते नाकारले कारण सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन यांनी स्थानिक खरेदीदार आणि नवे मैदान अशा दोन्ही गोष्टी जुळवून आणल्या होत्या. त्या मैदानात शहराचे पंचवीस कोटींहून अधिक डॉलर गेले. संघ मालकाच्या मर्जीवर चालतो या विधानाला याहून स्पष्ट उत्तर नाही: जुने मालक विकायला तयार होते, घेणारे जास्त पैसे द्यायला तयार होते, तरी लीगने व्यवहार अडवला. जो अधिकार २०१३ साली वापरता आला, तो २००८ सालीही हाताशी होता.

त्या प्रसंगी सिअ‍ॅटलने दुसऱ्या गावाचा संघ उचलू पाहिला, हेही मला चूक वाटते. ज्याचे दुःख आपण भोगले, ते सॅक्रामेंटोच्या पोरांना द्यायचे कशाला? म्हणूनच ५ ऑक्टोबर २०१८ चा एक सराव सामना मनात घर करून आहे. की अरिना पाडकामासाठी बंद होण्याआधीचा तो शेवटचा कार्यक्रम; एका बाजूला आता गोल्डन स्टेट या संघाकडून खेळणारा ड्युरँट, दुसऱ्या बाजूला नेमके सॅक्रामेंटो किंग्ज. ओळख करून देताना ड्युरँट सुपरसॉनिक्सचा जुना खेळाडू शॉन केम्प याची जर्सी अंगावर घालून मैदानात आला आणि सारे प्रेक्षागार उभे राहिले. दहा वर्षांपूर्वी ज्यांना उदासीन ठरवले गेले, तेच हे लोक. पुढे त्या वास्तूचे सुमारे वीस हजार टनांचे मूळ छप्पर तसेच तोलून धरून खाली नवे मैदान खणण्यात आले, ते २०२१ च्या ऑक्टोबरात उघडले, आणि त्याचा शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च खाजगी भांडवलातून झाला. मैदान नाही ही सबबही आता उरलेली नाही.

राहिला उपकाराचा मुद्दा. एनबीएत २००४ पासून तीसच संघ आहेत. त्या वर्षी शार्लटला संघ मिळाला, तोही तिथला जुना संघ न्यू ऑर्लिन्सला गेल्यानंतर दोन वर्षांनी, लीगला भरायच्या ३० कोटी डॉलरच्या प्रवेशशुल्कावर. संघ कमी आणि मागणारी शहरे जास्त, ही अवस्था मालकांच्या फायद्याची असते. २०१५ साली मिलवॉकीच्या संघाच्या अध्यक्षांनी विस्कॉन्सिनच्या आमदारांना बजावले, की मैदान झाले नाही तर संघ लास व्हेगसला किंवा सिअ‍ॅटलला जाऊ शकेल. विधिमंडळाने २५ कोटी डॉलरचा सार्वजनिक निधी मंजूर केला. सिअ‍ॅटलची रिकामी जागा अशी इतरांना धाक दाखवायला उपयोगी पडत आली आहे.

विस्तार झाला तर होणारा हिशेबही पाहा. बॉस्टनचा संघ २०२५ साली ६१० कोटी डॉलरच्या मूल्याला विकला गेला. समजा, नव्या दोन संघांकडून प्रत्येकी ५०० कोटी डॉलर शुल्क घेतले, तर तीस मालकांना प्रत्येकी सुमारे ३३ कोटी मिळतील, आणि या शुल्कात खेळाडूंचा वाटा नसतो. उलट बाजूला, अकरा वर्षांच्या ७,६०० कोटी डॉलरच्या प्रसारण करारातले वर्षाचे उत्पन्न तीसऐवजी बत्तीस जणांत वाटले जाईल. त्यात प्रत्येकाचा वाटा साधारण २३ कोटींवरून साडेएकवीस कोटींवर येईल. दरवर्षीची ही दीड कोटीच्या आतबाहेरची घट भरून यायला शुल्काचे ३३ कोटी वीस वर्षांहून अधिक काळ पुरतात. हा मालकांचा व्यवहार आहे आणि त्यांनी तो करावा, पण त्याला दान म्हणू नये. आणि सिअ‍ॅटल त्यात रिकाम्या हाताने येत नाही. २००८ च्या तडजोडीत ‘सुपरसॉनिक्स’ हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग पुढच्या संघासाठी या शहराकडे राखून ठेवले गेले. त्या नावामागचा एक्केचाळीस वर्षांचा खेळ याच शहराने पाहिला आहे, आणि त्याचे मोल नव्या मालकाने भरायच्या शुल्कात कुठेही मांडलेले नसते.