नाशिक–दिल्ली सत्तर मिनिटांत? हिशेब कुठं चुकतो

नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा हिशेब असा: ओझर (नाशिकचा विमानतळ) ते दिल्ली सरळ रेषेत हजार किलोमीटर, जेट उडतं ताशी ८५० ने, म्हणजे सत्तर मिनिटांत पोचायला हवं. तिकिटावर मात्र दोन तासांच्या आसपास वेळ असतो. वरचा वेळ कंपन्या मुद्दाम लांबून फिरवून घालवतात, भाडं वाढवायला. शिवाय जाता-येता वेळेत फरक पडतो तो पृथ्वी फिरते म्हणून.

अंतर जवळपास बरोबर आहे: ९९३ किमी. काही साइटवर ५३६ दिसतं, ते नॉटिकल मैल, १.८५२ ने गुणा, तोच आकडा येतो.

गडबड पुढे आहे. तिकिटावरचा वेळ हा उड्डाणाचा नसतोच. ओझरला विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत पार्किंगला थांबेपर्यंतचा तो वेळ. ओझरला धावपट्टीपर्यंत जाऊन उडायला दहाएक मिनिटं धरा, दिल्लीत उतरल्यावर टर्मिनल गाठायला पंधरा. पंचवीस मिनिटं तर जमिनीवरच गेली.

हवेतही ८५० चा वेग मधल्या टप्प्यापुरताच. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपासची मर्यादा असते. वर चढण्यात वीस मिनिटं जातात आणि सव्वादोनशे किमी कापले जातात. उतरण्यात पंचवीस मिनिटं आणि साधारण तेवढंच अंतर. वळणं धरून प्रत्यक्ष मार्ग १,०५० किमी मानला तर मधे ६०० किमी उरतात. ते ८४० च्या वेगाने ४३ मिनिटांत होतात. बेरीज करा: २० + ४३ + २५ + जमिनीवरचे २५ = ११३ मिनिटं. झाले की पावणेदोन तासांच्या वर!

मग ती वळणं कशाला? विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, आणि उतरायचं असतं वाऱ्याला तोंड देऊन. दिल्लीत पश्चिमेचा वारा असला की नैऋत्येकडून आलेल्या विमानाला आधी शहराच्या पूर्वेला जाऊन मग पश्चिमेकडे तोंड करावं लागतं. यातच चाळीस-पन्नास किमी वाढतात. गर्दी असली तर हवेत घिरट्या, एक फेरी साधारण चार मिनिटांची.

भाडं वाढवायला फिरवतात हे तर उलटंच. भाडं किलोमीटरवर ठरत नाही, आणि ए३२० जातीचं जेट विमान तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन पितं. दहा मिनिटं जास्त म्हणजे चारशे किलो स्वाहा. कोण हौसेनं करेल? वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात, हे मात्र खरं. पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान 'वेळेवर' गणलं जातं, तो आकडा चांगला दिसावा म्हणून.

राहिली पृथ्वी. तिच्याबरोबर हवाही फिरते, त्यामुळे फरक पडतो तो वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. पण दिल्ली नाशिकहून जवळजवळ उत्तरेला, थोडीशी पूर्वेकडे. १०० नॉटचा वारा असला तरी जाताना मदत तीसेक नॉटचीच, येताना अडथळाही तेवढाच. काही मिनिटांचा खेळ. मुंबई–कोलकातासारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर तोच वारा चांगलाच जाणवतो.

स्वतः अंदाज काढायचा तर सरळ अंतरात पाच-सहा टक्के वाढवा, ८४० ने भागा, मोठ्या विमानतळासाठी चाळीस मिनिटं मिळवा. पंख्याचं छोटं एटीआर विमान असेल तर ८४० ऐवजी ५०० धरा.