पंखा बोट ढकलतो की बॅटरी भरतो? एकदा काय ते ठरवा

गेल्या पंधरवड्यात तो व्हिडिओ मला सात जणांनी पाठवला. आठवा पाठवणारा माझा सख्खा मोठा भाऊ. खाली लिहिलं होतं, "इंजिन काढतोय, गिऱ्हाईक मिळालंय." दादाकडे तीस फुटी, चार टनांची जुनी शिडाची बोट आहे. डिसेंबरात वहिनीला आणि बारा वर्षांच्या नातवाला घेऊन तो मुंबईहून गोव्याला निघणार आहे. म्हणून आता गप्प बसवत नाही.

व्हिडिओ सांगतो ते असं. डिझेल इंजिन भंगारात घाला, विजेची मोटर बसवा. तिचा पाण्यातला पंखा फिरता फिरता बॅटरी भरत राहतो, त्यामुळे चार्जिंगची भानगडच नाही. बॅटऱ्या ई-रिक्षाच्या चालतात. विमानाच्या पंखासारखं ताठ शीड लावलं की वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येतं. पुरावा काय, तर एक खलाशी डिझेलच्या थेंबाशिवाय जगप्रदक्षिणा करून आला.

आधी त्या पंख्याचं बघू. बॅटरी मोटर फिरवते, मोटर पंखा फिरवते, पंखा पाणी मागे रेटतो आणि बोट पुढे जाते. त्याच वेळी तोच पंखा बॅटरी कुठून भरणार? वीज बनते ती मोटर बंद असताना. शिडं वाऱ्याने फुगलेली असतात, बोट धावत असते, पाणी पंख्याला फिरवतं आणि मोटरचं जनित्र होतं. ही वीज वाऱ्याची असते, आणि तिच्यापायी बोटीचा वेगही थोडा घटतो. शिवाय वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. वारा पडला की काहीच नाही, आणि मोटर लागते ती नेमकी तेव्हाच.

दादाच्याच बोटीचा हिशेब मांडतो. शांत पाण्यात पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, जायला तिला साधारण तीन किलोवॅट लागतात. दहा युनिटची लिथियम बॅटरी घेतली, वजन ऐंशी-शंभर किलो, तर त्यातली आठ युनिटं वापरावीत. म्हणजे पावणेतीन तास, तेरा सागरी मैल. गेटवेहून निघालास तर किहीम-वरसोलीच्या आसपास संपलं. अलिबागसुद्धा येत नाही. एवढं काम छोटं डिझेल इंजिन तीन लिटरांत करतं. तीच आठ युनिटं शिडावर पाच नॉटने जात परत मिळवायची, तर पंख्यातून शंभरेक वॅट येतात. ऐंशी तास! तेवढ्यात चारशे मैल होतील, आणि गोवा त्याच्या निम्म्यावर कधीच मागे पडलेला असेल. छतावर चारशे वॅटचं सौर पॅनल टाकलं तर दिवसाला दीड युनिट येईल, त्यातलं बरंचसं फ्रिज आणि दिवे खातील.

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री-पहाटे मतलई वारा, दुपारनंतर खारा वारा. मधल्या वेळी शीड डोलकाठीला नुसतं लटकतं. दोन वर्षांपूर्वी जयगडच्या खाडीच्या तोंडाशी आम्ही असेच अडकलो होतो. वारा गेलेला, ओहोटी लागलेली, आणि बोट हळूहळू कातळाकडे सरकत होती. लाटा खडकावर फुटून परत येताना जो फेस होतो, तो मला टॉर्चच्या उजेडात दिसत होता. इंजिन लागलं आणि वीस मिनिटांत आम्ही आत नांगर टाकला. सुकाणूवर दादाच होता. हे तो विसरला कसा?

ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचा सल्ला देणाऱ्यावर तर मला खरोखर संताप येतो. त्यातल्या बऱ्याच शिसे-आम्लाच्या असतात. बोटीच्या तळाशी खारं पाणी साचतंच. ते या बॅटरीत शिरलं की क्लोरीन वायू तयार होतो. पाणबुड्यांवरच्या माणसांना ही भीती शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. खाली बंद केबिनमध्ये नातू झोपलेला असणार आहे.

जगप्रदक्षिणेची गोष्ट मात्र खरी आहे, ते मान्य करायला हवं. कॉनरॅड कोलमन या खलाशाने 2016-17 ची व्हँदे ग्लोब, म्हणजे एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणेची शर्यत, खनिज इंधनाशिवाय पूर्ण केली. शेवटाजवळ डोलकाठी मोडली तरी उरल्यासुरल्या शिडावर तो 110 दिवसांनी पोचला. पण त्या शर्यतीत इंजिन किंवा मोटर लावून पुढे जाणं निषिद्धच आहे. त्याची वीज गेली स्वयंचलित सुकाणू आणि उपकरणांना. बोट नेली ती वाऱ्याने. व्हिडिओने नेमकं एवढंच गाळलं.

शिडाबद्दल फार लिहीत नाही. कुठलंही शीड वाऱ्याच्या तोंडावर सरळ नेत नाही, नागमोडी जावंच लागतं. हाताळायला सोपी शिडं असतात, हे खरं. हॅस्लर नावाचा ब्रिटिश खलाशी 1960 मध्ये चिनी पद्धतीचं शीड लावून एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत दुसरा आला. पण ते शीड चीनमध्ये शतकानुशतकं चालत आलेलं. तेही काही नवा शोध नव्हे.

विजेच्या मोटरशी माझं वैर नाही. धक्क्याला लागताना, खाडीत, ती आवाज न करता सुंदर काम करते. डिझेल इंजिन ठेवून त्याच्या जोडीला छोटी मोटर बसवायची असेल तर दादा, अर्धा खर्च मी देतो. पण त्या गिऱ्हाइकाला आज संध्याकाळी फोन कर आणि इंजिन विकायचं नाही म्हणून सांग.