एक स्टार दिलेल्या गिऱ्हाइकाला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतला एक सेल खराब, त्याचे 58 हजार घेतले; आठ दिवस सांगून एकवीस दिवस गाडी अडकवली; रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, तरी नव्यासारखी नाही; आणि जुना माल 'विकून खाल्ला'.

दिवसांचं आधी बोलतो, कारण तिथं चूक आमची. आठ दिवस हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता. जुळणारं मॉड्यूल, म्हणजे बॅटरीतला काही सेलांचा एकत्र जोडलेला गठ्ठा, मिळायलाच अकरा दिवस लागले आणि तेवढ्यात तुम्हाला एक फोन करणं झालं नाही. तुम्ही केलात की पोरगं 'उद्या बघू' म्हणत राहिलं. राग येणारच.

'एक सेल' हे मात्र मान्य नाही. तुमची गाडी मोहोळजवळ 34 टक्के दाखवत असताना बंद पडली. पॅकमध्ये, म्हणजे अख्ख्या बॅटरीत, 100 सेल एकामागे एक जोडलेत, प्रत्येकी साधारण 3.2 व्होल्ट, मिळून 320. सगळ्यांतून करंट तोच जातो, म्हणून जो आधी रिकामा होतो तो सगळ्यांना थांबवतो. माझे वडील अक्कलकोट रोडला यंत्रमागावर होते. ताण्याचा एक धागा तुटला की माग उभा, बाकीचे कितीही धड असोत. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, तेच करतं. लोडवर तुमचा तो सेल 2.5 च्या खाली जात होता, शेजारचे 3.1 ला होते. रीडिंगचा फोटो तुम्हाला पाठवलाय.

मग तेवढाच का नाही बदलला? तो मॉड्यूलमध्ये वेल्ड केलेला असतो. कापून कोरा सेल बसवून देणारे आहेत, स्वस्तात देतात. अशा दोन गाड्या सध्या माझ्याच शेडमध्ये उभ्या आहेत. जुन्यांत नव्याची क्षमता जुळत नाही, आणि वेल्ड कच्चं राहिलं तर तिथंच तापतं. 320 व्होल्टच्या पेटीत मला ते नको. म्हणून अख्खं मॉड्यूल बदललं, तेही अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतलं, मोजून जुळवलेलं.

त्यानंतर चार दिवस गाडी 'नुसती चार्जरला उभी' होती, असं तुम्ही लिहिलंय. खरंय, उभीच होती. तुमच्या बॅटरीतल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, सेलांमधला फरक दिसतो तो पूर्ण भरत आल्यावर. तोही बीएमएस जास्तीचा चार्ज बारीक रेझिस्टरमधून थोडा थोडा जाळूनच सारखा करतं. इथं घाई चालत नाही.

रेंजचं: बाकीचे सेल पाच वर्षांचे, क्षमता मोजली तर 87 टक्के भरली. मॉड्यूल बदलल्यानं ती वाढत नाही. हे मी तोंडी सांगितलं, कागदावर लिहून द्यायला हवं होतं. त्यात आपला एप्रिल. 42 अंशाला एसी आणि बॅटरीचं कूलिंग दोन्ही त्याच बॅटरीतून ओढतात. तरी 200 किलोमीटर मिळते, हे तुम्हीच लिहिलंय.

वॉरंटीसाठी तुम्हाला आधी कंपनीकडेच पाठवलं होतं. आधीच्या मालकानं पॅक बाहेर उघडला होता, म्हणून त्यांनी नाकारलं. त्यात माझा हात नाही.

58 हजारांत 6,400 रुपये झाकणाचं गॅसकेट आणि कूलंटचे पाइप यांचे आहेत. पॅक उघडला की गॅसकेट नवंच लागतं, पण तुम्हाला न विचारता बिलात घातलं. ते पैसे परत करतो.

जुनं मॉड्यूल विकलेलं नाही. मागच्या खोलीत आहे, वर मार्करनं तुमच्या गाडीचा नंबर. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे जातं. त्यात अजून चार्ज आहे, घरी ठेवायला देणार नाही. पण येऊन बघा, मीटर तुमच्या हातात देतो.

येताना गाडी 20 टक्क्यांच्या आसपास आणा. रात्रभर चार्जला लावू आणि सकाळी सगळ्या 100 सेलांचं रीडिंग तुमच्यासमोर काढू. त्याचे पैसे नाहीत.