लिनक्सवर प्लगइन चालत नाहीत? कुठलं प्लगइन, ते आधी सांगा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू नका, ब्राउझरचे प्लगइन चालत नाहीत. फ्लॅश नाही, व्हिडिओ नाही, मराठी-कन्नड टायपिंग नाही, डिजिटल सही नाही."

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, आणि प्लगइन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. फ्लॅश हा तसाच, वेबपानांवर व्हिडिओ-गेम दाखवणारा. तो नाही, हे खरं. पण तो विंडोजवर तरी कुठे आहे? ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनेच तो बंद केला. जाव्हासारखे बाकीचे जुने प्लगइन फायरफॉक्सने त्याआधीच, २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीत काढले. आज कोणी 'लिनक्ससाठी फ्लॅश' म्हणून फाइल दिली तर ती उघडूसुद्धा नका.

व्हिडिओचं एका खुणेत मिटतं. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट' चालू करा. कुलूपबंद व्हिडिओ उघडणारा वाइडवाइन हा भाग आपोआप उतरतो.

टायपिंग हे प्लगइनचं काम नव्हेच. 'आयबस-एम१७एन' हे टायपिंगचं पॅकेज टाका, कीबोर्ड सेटिंग्जमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड-मांडणी) जोडा, विंडोजच्या चिन्हाचं बटण आणि स्पेस दाबून बदला. मराठी 'क' ज्या बटणावर, कन्नड 'क'ही त्याच बटणावर. अर्ज कन्नडमध्ये आणि पत्र मराठीत लिहिणाऱ्या आपल्या भागाला याहून सोयीचं काय हवं?

राहिली डिजिटल सही. इथे लोक खरोखर अडकतात, फक्त कारण भलतंच सांगतात. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स फक्त 'स्नॅप' म्हणून येतो. स्नॅप म्हणजे बंद पेटी. टोकन म्हणजे डिजिटल सही साठवलेलं यूएसबी उपकरण. ब्राउझरला त्याच्याशी बोलायला लागणारी फाइल, म्हणजे टोकनची डॉट-एसओ लायब्ररी, पेटीबाहेर, सिस्टिमच्या फोल्डरात असते. ती ब्राउझरला दिसत नाही, म्हणून टोकन जोडलं जात नाही. उपाय म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातला (रिपॉझिटरीतला) डेब, म्हणजे पेटीत न बांधलेला, फायरफॉक्स. ते भांडार जोडताना पिन-प्रायोरिटी १००० (कुठल्या भांडाराला आधी मान द्यायचा ते सांगणारी ओळ) लिहायला विसरू नका. उबंटूच्या नावापुरत्या डेबचा आवृत्ती-क्रमांक मुद्दाम वरचा ठेवलाय, त्यामुळे ही ओळ नसेल तर प्रोग्राम टाकणारं साधन अ‍ॅप्ट तोच उचलतो आणि स्नॅप परत येतो. स्नॅप काढण्याआधी बुकमार्क बाहेर काढून ठेवा. त्याचं प्रोफाइल वेगळ्या फोल्डरात असतं आणि नव्या फायरफॉक्समध्ये सगळं कोरं दिसतं.

मग 'पीसीएससीडी', 'लिबसीसीआयडी' आणि 'पीसीएससी-टूल्स' ही टोकन वाचणारी पॅकेजेस टाका, टोकन लावा, टर्मिनलात 'पीसीएससी_स्कॅन' (pcsc_scan) चालवा. तिथे रीडरचं, म्हणजे टोकनचं, नाव आलं नाही तर ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही. यूएसबी पोर्ट बदलून बघा. नाव आलं की फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी डिव्हायसेस, लोड असं जाऊन टोकन कंपनीची ६४-बिट लायब्ररी दाखवा. बत्तीस-बिटची दिली तर ती चढत नाही. टोकनचा गुप्त पिन मात्र अंदाजाने टाकत बसू नका, टोकन लॉक होतं.

मजकुरातलं एवढं मात्र मान्य: ई-निविदेच्या एखाद्या साइटचा सही करणारा प्रोग्राम फक्त विंडोजसाठीच बनवलेला असेल, तर तेवढं काम विंडोजवरच करावं लागेल. तो प्रोग्राम ब्राउझरच्या बाहेर चालतो. त्याच्यापुढे प्लगइनचा इलाज नाही.