‘साम्य म्हणजे पुरावा नव्हे’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उत्क्रांतीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि संयमाने प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: सजीवांमधील साम्य एकाच निर्मात्याच्या हातून घडल्यामुळेही असू शकते, त्यामुळे त्यावरून समान पूर्वज सिद्ध होत नाही, निव्वळ योगायोगातून डोळ्यासारखा अवयव घडू शकत नाही, आणि एका प्रजातीतून दुसरी निर्माण होताना कोणी पाहिलेले नाही. यांपैकी पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यालाच देतो.

केवळ साम्य एवढाच पुरावा असता, तर आपले म्हणणे खोडून काढणे खरोखरच अवघड गेले असते. वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर आणि माणसाचा हात यांत तीच हाडे त्याच क्रमाने आढळतात, एवढे सांगून लेखक थांबला, तर ‘चांगला आराखडा पुन्हा वापरला असेल’ असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आराखडा उपयोगी असतो म्हणून पुन्हा वापरला जातो. जी गोष्ट चालतच नाही, ती अनेक सजीवांत त्याच जागी आणि त्याच प्रकारे मोडलेल्या स्थितीत का आढळावी?

बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला ते अन्नातून मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो, कारण ते तयार करण्याच्या अखेरच्या टप्प्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) आपल्याकडे बनत नाही. मात्र त्या विकराचे जनुक आपल्यातून नाहीसे झालेले नाही. ते त्याच्या अपेक्षित जागी, अनेक तुकडे गळालेल्या निकामी अवस्थेत आजही आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि माकडे यांच्यातही ते निकामी आहे आणि मोडतोडीच्या मुख्य खुणा आपल्याशी जुळतात. याउलट लेमूर, जे आपले त्याहून दूरचे नातेवाईक आहेत, त्यांच्यात हे जनुक चालू आहे. गिनीपिगलाही हे जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्या जनुकाची मोडतोड वेगळ्या प्रकारची आहे, कारण तो बिघाड स्वतंत्रपणे झाला. गरज तीच आणि परिणामही तोच असूनही बिघाडाची खूण नात्यानुसार बदलते, हे मला या साऱ्या पुराव्यातील सर्वांत बोलके वाटते. जुन्या पोथ्यांचा अभ्यासक दोन प्रतींचे नाते ठरवताना दोहोंत असलेल्या शुद्ध ओळींना महत्त्व देत नाही, तर दोहोंत उतरलेल्या एकाच लेखनदोषाला देतो. येथील तर्क तोच आहे.

विषाणूंच्या अवशेषांची गोष्टही अशीच आहे. काही विषाणू आपले जनुकीय द्रव्य पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतात. हे अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत घडले, तर तो तुकडा पुढील पिढ्यांकडे जातो. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग अशा जुन्या संसर्गांच्या अवशेषांनी व्यापलेला आहे, आणि त्यांपैकी बहुसंख्य अवशेष चिंपांझीमध्येही नेमक्या त्याच जागी सापडतात. यांतील काही तुकडे पुढे उपयोगी ठरले, हे मी लपवू इच्छित नाही. वार (प्लॅसेंटा) घडवण्यात भाग घेणारे सिन्सिटिन हे प्रथिन मुळात विषाणूचेच होते. पण तुकडा उपयोगी ठरला म्हणून तो विषाणूचा राहत नाही असे नव्हे, आणि अब्जावधी जागा उपलब्ध असताना दोन प्राण्यांत हजारो तुकडे एकाच जागी बसल्याचे कारण त्या उपयोगातून मिळत नाही.

गुणसूत्रांचा पुरावा थोडा वेगळा आहे, कारण तेथे सिद्धांताला आधी बोलावे लागले. मोठ्या कपींमध्ये गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, माणसात 23. संपूर्ण गुणसूत्र गमावणे घातक ठरले असते; म्हणून पूर्वज समान असेल, तर दोन गुणसूत्रे जोडली गेली असली पाहिजेत आणि त्या सांध्याची खूण उरली असली पाहिजे. गुणसूत्राच्या टोकांना टेलोमिअर नावाची विशिष्ट रचना असते. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आतल्या भागात अशी दोन टोके एकमेकांना भिडलेली असल्याचे 1991 मध्ये दिसून आले. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला सेंट्रोमिअर हा एकच जोडबिंदू असतो, पण येथे निष्क्रिय झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे अवशेषही आहेत. अशी खूण आढळली नसती, तर समान पूर्वजाच्या कल्पनेपुढे मोठी अडचण उभी राहिली असती.

आता योगायोगाविषयी. उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत आपोआप होणारे बदल, गरज पाहून होत नाहीत, एवढ्या अर्थाने ती योगायोगाची असतात. त्यांतील कोणती टिकतील, हे मात्र परिस्थिती ठरवते. गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञांनी 1973 पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. 1977 च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या, जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात वाचले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी झाली. 1983 च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांची रेलचेल झाली, तेव्हा निवडीची दिशा उलटली. डोळ्याबाबत एवढेच सांगतो की प्रकाश जाणवणाऱ्या पेशींच्या साध्या ठिपक्यापासून खोलगट खाचेपर्यंत आणि तेथून भिंग असलेल्या डोळ्यापर्यंतचे टप्पे आज जिवंत असलेल्या प्राण्यांतच पाहायला मिळतात, आणि प्रत्येक टप्पा त्या त्या प्राण्याला उपयोगी आहे.

नवी प्रजाती कोणी पाहिली, असे आपण विचारले आहे. ट्रॅगोपोगॉन या वनस्पतीच्या तीन युरोपीय प्रजाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वायव्य भागात पोहोचल्या. त्यांच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन, जन्मलेल्या दोन नव्या प्रजातींचे वर्णन 1950 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संततीक्षम आहेत, पण आपल्या जनक प्रजातींशी त्यांचा सहज संकर होत नाही. प्राण्यांत ही प्रक्रिया बहुधा फार संथ असते, त्यामुळे तेथे जीवाश्मांकडे वळावे लागते. जीवाश्मांची नोंद अपुरी आहे, हे खरेच आहे. तरीही हवे ते जीवाश्म कोठे शोधावेत, हे सांगता येते. मासे आणि सर्वांत जुने चतुष्पाद यांच्या मधल्या काळातील उथळ पाण्याचे खडक निवडून जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर शोध घेतला. 2004 मध्ये त्यांना सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिक या प्राण्याचा जीवाश्म सापडला: खवले आणि पर माशाचे, पण मान मोकळी आणि परांमध्ये मनगटासारखी हाडे.

समान निर्मात्याची कल्पना आपल्याला अधिक पटत असेल, तर तिच्या आधारे गिनीपिगच्या जनुकातील मोडतोड आपल्यापेक्षा वेगळी आणि गोरिलाच्या जनुकातील आपल्यासारखी का, हे कसे मांडता येईल, ते अवश्य लिहावे.