रॅड51 उपाशी नाहीये

मावशीने तो मेसेज तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा मात्र गप्प बसवेना. मजकूर असा: डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं एटीपीवर (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) चालतात, वयानुसार एटीपी संपत जातं, आमची पूड घ्या, प्रथिनं ‘चार्ज’ होतील आणि बीआरसीए2 या जनुकात दोष असला (त्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) तरी काळजी नको. हा दोष मावशीलाच आहे, म्हणून एवढा खटाटोप.

पहिलं वाक्य खरं आहे, नाइलाजाने मान्य. डीएनए दुरुस्त करणारं आपलं प्रथिन रॅड51 काय किंवा जिवाणूंतलं त्याचं भावंड रेकए काय, एटीपी धरल्याशिवाय डीएनएच्या एकेरी धाग्यावर धड माळ बांधत नाही. पण म्हणून ते पेट्रोलसारखं जाळत सुटतं, असं नव्हे. एटीपी माळेतल्या शेजारच्या दोन प्रथिन-रेणूंच्या सांध्यात पाचरीसारखं बसतं. माळ ताठ होते, आतला धागा सुमारे दीडपट ताणला जातो आणि जोडीचा क्रम शोधता येतो. 1990 साली मेनेत्स्की, बेअर आणि कोवाल्चिकोव्स्की या संशोधकांनी रेकएला जवळजवळ न फुटणारं एटीपी-गॅमा-एस दिलं, तरी धाग्यांची अदलाबदल झालीच! एटीपी फुटणं लागतं ते मुख्यतः काम झाल्यावर माळ सुटायला. डीएनएचे दोन धागे सोडवणारी, जिवाणूंतल्या रेकबीसीडीसारखी प्रथिन-यंत्रं खरोखर एटीपी जाळत सेकंदाला हजारेक जोड्या उलगडतात, पण मेसेजवाल्याने त्यांचं नावही ऐकलेलं दिसत नाही.

आता बीआरसीए2. इथे तर मेसेजने सगळं उलटंच करून ठेवलंय. या जनुकापासून बनणारं प्रथिन रॅड51 ला नेमक्या जागी आणून बसवतं, आणि वर त्याचं एटीपी फुटू देत नाही, म्हणजे माळ टिकते. ऊर्जा खर्च होऊ न देणं हेच त्याचं एक काम! बसवणाराच अधू असेल, तर एटीपीचा डोंगर रचून करायचं काय? तसंही पेशीत एटीपी मिलिमोलरमध्ये असतं (1 मिलिमोलर म्हणजे 1000 मायक्रोमोलर). रेकएचं शंभरेक मायक्रोमोलरमध्ये भागतं.

पुडीबद्दल काय बोलायचं! पोटात गेलेलं एटीपी बहुतेक आतड्यातच फुटतं, आणि इतका भारित रेणू पेशीच्या पटलातून आपणहून आत शिरत नाही. पेशी आपलं एटीपी आपण बनवते.

मावशीने कर्करोगाच्या तपासणीचा एमआरआय पुढे ढकललाय, “डबा संपला की बघू” म्हणून. मावशी, डबा राहू दे. आधी तारीख घे.